तळ्यातले वारकरी

२०१२ साली मी स्वित्झर्लंडमधलं लुसर्न पाहिलं, असं घरातल्या अल्बमवरून दिसतं. एका फोटोत मी आणि हे लाकडी पुलासमोर उभे आहोत, एकात दगडात कोरलेल्या सिंहासमोर, आणि एकात घड्याळांच्या दुकानाच्या पायरीवर, हातात चॉकलेटच्या पिशव्या घेऊन. बारा दिवसांत सात देश अशी ती सहल. लुसर्नच्या वाट्याला दीड तास आला आणि त्यातली वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. आमच्या गाईडची पिवळी छत्री मला अजून जशीच्या तशी आठवते. पुलाखालून नदी वाहत होती की तिथे तळं होतं, ते मात्र सांगता येत नव्हतं.

"म्हणजे तू छत्री बघून आलीस," मंजू म्हणाली.

हे बोलणं झालं ठाण्यात, तलावपाळीच्या, म्हणजे मसुंदा तलावाच्या कट्ट्यावर. तिथेच ठरलं की लुसर्नला पुन्हा जायचं, दोघींनीच, आठ दिवस. मंजू आणि मी पाचवीपासून एका बाकावरच्या. ती शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाली, मी बँकेतून. हे जाऊन चार वर्षं झाली. मंजूनं लग्नच केलं नाही. त्यामुळे कुणाला विचारायचं नव्हतं, नुसतं सांगायचं होतं. सांगितल्यावर माझ्या लेकाचा पहिला प्रश्न, "कुठल्या कंपनीबरोबर?" दुसरा, "दोघीच?" आणि तिसरा, "आठ दिवस एकाच गावात करणार काय?" पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं होती. तिसऱ्याचं आमच्याकडेही नव्हतं.

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेन करारात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे व्हिसा शेंगेनचाच लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. आम्हाला जायचं होतं १ जुलै २०२५ला, मुंबईच्या केंद्रातली वेळ घेतली एप्रिलमधली. फी ९० युरो आणि केंद्राचा सेवाआकार वेगळा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा. बँकेची स्टेटमेंटं, आयकराची विवरणपत्रं, विमानाचं आणि राहण्याचं आरक्षण, आणि का जायचंय हे सांगणारं एक पत्र. मी जन्मभर लोकांच्या कर्जाच्या फायली तपासल्या, तेव्हा माझी फाईल अनुक्रमणिकेसकट तयार. मंजूची कागदपत्रं कापडी पिशवीत, आणि त्यात पक्ष्यांच्या नोंदींची वही चुकून आलेली. काउंटरवरच्या मुलीनं तीसुद्धा उलटून पाहिली.

"मॅडम, आठ रात्री फक्त लुसर्न? इंटरलाकेन नाही? पॅरिस नाही?"

नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मग पत्रात कारण नीट लिहा, कुणी शंका काढायला नको. शेजारच्या खुर्चीत बसून मी एक वाक्य वाढवलं: वयोमानामुळे रोज सामान बांधणं-सोडणं जमत नाही, म्हणून एकाच शहरात राहून आसपास फिरणार आहोत. मंजूनं ते वाचून तोंड वाकडं केलं. "वयोमान कसलं! हौस म्हणून लिही." पण हौस या शब्दाला व्हिसाच्या इंग्रजीत जागा सापडेना. वयोमानच राहिलं. दोन आठवड्यांनी पासपोर्ट आले, दोघींनाही व्हिसा मिळाला होता.

सामान भरताना एक गोष्ट कळली ती सांगून ठेवते. दूध, तूप, मांस असले पदार्थ आपल्याकडून तिकडे न्यायला बंदी आहे. माझ्या वहिनीनं खास तूप घालून केलेले बेसनाचे लाडू त्यामुळे घरीच राहिले आणि लेकानं त्यावर दुःख केलं नाही. आम्ही नेलं ते भाजणीचं पीठ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि गुळातले राजगिऱ्याचे लाडू. राजगिरा का, तर ६ जुलैला आषाढी एकादशी येत होती आणि मंजू एकादशी मोडत नाही. देवळात कधी न जाणारी ही बाई आषाढी मात्र निगुतीनं पाळते. एकदा ती देहूपासून पुण्यापर्यंत पालखीबरोबर चाललीही आहे; पाय सुजले होते, पण वाटेत किती जातींचे बगळे दिसले हेच सगळ्यांना सांगत होती.

मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे. पहाटे उतरलं की विमानतळाच्या पोटातूनच लुसर्नची गाडी निघते, साधारण तासाभराचा प्रवास. आम्ही गडबडीत पहिल्या वर्गाच्या डब्यात चढलो. तपासनीस आला, तिकिटं पाहिली, आणि इतक्या हलक्या आवाजात "पुढचा डबा तुमचा आहे" म्हणाला की दंड होणार म्हणून धडधडणारी माझी छाती आणखीच धडधडली.

लुसर्नच्या स्टेशनातून बाहेर पडलात की समोर एक मोठी दगडी कमान उभी दिसते, कुठेच न नेणारी. जुनं स्टेशन १९७१ साली आगीत गेलं, त्याची ही उरलेली वेस. नव्या इमारतीसमोर त्यांनी ती तशीच ठेवली आहे. आणि कमानीच्या पलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे थेट तळं. २०१२ साली मी याच चौकाच्या आसपास बसमध्ये बसलेली असणार. तेव्हा सगळ्यांनी डोकी खाली घालून चॉकलेटची बिलं तपासली असतील.

तळं म्हणायचं आपलं. ११४ चौरस किलोमीटरचा पसारा, समुद्रसपाटीपासून ४३४ मीटरवर, सगळ्यात खोल जागी २१४ मीटर पाणी. डोंगरांच्या बेचक्यांत शिरत गेल्यामुळे त्याचा आकार असा वेडावाकडा झालाय की कुठूनही सगळं एकदम दिसत नाही. इंग्रजीत नुसतं लेक लुसर्न म्हणून मोकळे होतात, पण तिथल्या जर्मनमधलं नाव आहे फिअरवाल्डश्टेटरझे, म्हणजे चार वनप्रांतांचं सरोवर. मला ते आठ दिवसांत एकदाही एका दमात म्हणता आलं नाही.

धक्क्यावर बॅगा ठेवून आम्ही पाण्याकडे बघत होतो. मंजूनं पर्समधून दुर्बीण काढली, बॅगेतून नव्हे. बघता बघता ती ओरडलीच, "अगं, वारकरी!"

मी दचकून मागे पाहिलं. तिचं बोट पाण्याकडे होतं. काळ्या कुळकुळीत अंगाचे, बदकाएवढे दहा-बारा पक्षी माना पुढे-मागे हलवत चालले होते. प्रत्येकाच्या कपाळावर पांढराशुभ्र टिळा. इंग्रजीत याला कूट म्हणतात, मराठीत वारकरी. मंजूनं हे पक्षी हिवाळ्यात उजनीच्या पाणवठ्यावर थव्यानं पाहिलेले. माझ्यासाठी नावही नवं आणि पक्षीही. "हंस बघायला लोक येतात," ती म्हणाली, "आणि बघ, दिंडी कुणाची चाललीय." हंसही होते म्हणा, आणि चांगले गलेलठ्ठ. पण त्या क्षणापासून आमच्या लेखी ते तळं वारकऱ्यांचं झालं.

राहायला आम्ही स्वयंपाकघर असलेली खोली घेतली होती, स्टेशनपासून चार बसथांबे. शहरात मुक्काम केला की राहण्याच्या जागेकडून एक पाहुण्यांचं कार्ड मिळतं, त्यावर शहरातल्या बस फुकट. बोटी आणि डोंगरांच्या गाड्यांसाठी आम्ही टेल पास घेतला. देशभर फिरणार असाल तर स्विस ट्रॅव्हल पास बरा, पण एकाच तळ्याभोवती घिरट्या घालायच्या असतील तर त्या भागापुरता असलेला हा टेल पास सोयीचा. लेकानं दोन्हींचा तक्ता करून दिला होता, मी तो पुन्हा स्वतः केला. बँकेची सवय.

खोलीत सगळं होतं, एक पंखा सोडून. त्या आठवड्यात युरोपात उष्णतेची लाट आलेली. ठाण्याच्या मे महिन्यातून तगलेल्या आम्ही दोघी स्वित्झर्लंडमध्ये घामाघूम होऊन पलंगावर बसलो होतो. ओला पंचा खिडकीला लावला, टोपात पाय बुडवले. घरमालकीणबाईंनी दुसऱ्या दिवशी खिन्नपणे सांगितलं की पंखे सगळ्या दुकानांतून संपलेत. मग म्हणाल्या, तळ्यावर जा ना, सगळे तिथेच आहेत.

खरंच सगळे तिथेच होते. स्टेशनपासून तळ्याकाठानं चालत गेलं की उफश्योटी नावाची हिरवळ लागते. तिकीट नाही, फाटक नाही. ऑफिसातून आलेली माणसं झाडाखाली शर्ट काढून पाण्यात उतरत होती, पोरं उड्या मारत होती. एक ऐंशीच्या घरातल्या आजी टॉवेलाआड कपडे बदलून, केस नीट पिनांत अडकवून, भाजी आणायला निघावं तशा पाण्यात चालत गेल्या आणि लांबवर पोहून वीस मिनिटांनी परत आल्या. आम्ही दोघी काठावर सलवारी गुडघ्यापर्यंत वर घेऊन बसलेल्या. आपण इतकी वर्षं तलावाच्या गावात राहतो, पण पाण्यात उतरलेलो नाही, असं मी म्हटलं. मसुंद्यात उतरायची कुणाला इच्छा होईल, हा मंजूचा प्रश्न. तोही बरोबरच.

आता इथे "ते बघा कसे तळी जपतात आणि आपण कशी बुजवतो" असं लिहायची मला हुक्की आली होती. ठाण्यात एकेकाळी साठेक तलाव होते म्हणतात, आज पस्तीसच्या आसपास उरलेत. त्यातल्या एकावर उभ्या राहिलेल्या इमारतीत माझी आतेबहीण राहते. पण ज्या हिरवळीवर आम्ही बसलो होतो तीसुद्धा भराव टाकून केलेली निघाली. उफश्योटी या नावातच भराव आहे. सत्तरच्या दशकात जवळच्या डोंगरातून मोटाररस्त्याचा बोगदा खणला, त्यातली दगडमाती तळ्यात टाकून ही जागा झाली. त्यांचा तो प्रसिद्ध लाकडी पूलही पूर्वी याहून लांब होता, काठावर भर घालत गेले तसा आखूड होत गेला. फरक एवढाच की बोगद्याच्या मातीवर त्यांनी आजींना कपडे बदलायला जागा ठेवली.

तिसऱ्या संध्याकाळी मंजू टीशर्ट-लेगिंगवर पाण्यात उतरली. पोहता येत नाही, कमरेपर्यंतच गेली. एक वारकरी तिच्यापासून हातभर अंतरावरून गेला, मागून तांबड्या टकलाची तीन पिल्लं. ती इतकी स्तब्ध उभी होती की मला वाटलं, हिला काही होतंय.

पुलाकडे आम्ही मुद्दाम काही दिवसांनी गेलो, तेही सकाळी सहाला, गर्दीच्या आधी. कापेलब्रुक, म्हणजे देवळाचा पूल. चौदाव्या शतकातला, दोनशे मीटरच्या आसपास लांब, वर कौलांचं छप्पर, आणि रॉइस नदीवरून सरळ न जाता मध्येच वळणारा. तर हो, पुलाखाली नदी आहे. तळ्यातून रॉइस जिथे बाहेर पडते तिथेच तो बांधलाय, शहराच्या तटबंदीचा भाग म्हणून. शेजारी पाण्यात अष्टकोनी बुरूज आहे, तो पुलापेक्षाही जुना. त्याला पाण्याचा बुरूज म्हणतात म्हणून मी समजत होते की आपल्या जलकुंभासारखं काहीतरी असेल. तसं नाही, पाण्यात उभा म्हणून पाण्याचा. त्यात कधी खजिना होता, कधी कैदी.

छपराच्या तिरक्या वाशांखाली सतराव्या शतकातली त्रिकोणी चित्रं लावलेली आहेत, गावाच्या इतिहासाची आणि संतांची. पण चालता चालता मधल्या कितीतरी चौकटी रिकाम्या दिसतात. १८ ऑगस्ट १९९३च्या रात्री पूल पेटला. बराचसा भाग आणि बहुतेक चित्रं जळाली. पुढच्या एप्रिलमध्ये पूल पुन्हा उभा होता. जुन्या लाकडाचा काळा रंग कुठे संपतो आणि नव्याचा फिका कुठे सुरू होतो ते नीट पाहिलं तर कळतं. २०१२च्या फोटोत आम्ही दोघं नेमके नव्या भागासमोर उभे आहोत आणि मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरले होते की सातशे वर्षांचं लाकूड पाहिलं.

मला त्याहून आवडला तो खालच्या अंगाचा दुसरा पूल, श्प्रॉयरब्रुक. तिथवर फेऱ्यांचे लोक सहसा येत नाहीत. श्प्रॉय म्हणजे भुसा. गिरण्यांमधला भुसा नदीत टाकायचा तर याच पुलावरून टाकायला परवानगी होती, कारण हा सगळ्यांत खालच्या बाजूला. त्याच्याही छपराखाली चित्रं आहेत, विषय एकच: मृत्यू. सांगाडा राजाचा हात धरून नेतोय, धर्मगुरूला नेतोय, सावकाराला, नव्या नवरीला. कास्पार मेग्लिंगर नावाच्या चित्रकारानं सतराव्या शतकात ही मालिका केली. लोक त्याखालून सायकली ढकलत, पाव घेऊन, फोनवर बोलत जात होते.

मी एका चित्राखाली जरा जास्त वेळ थांबले असेन. मंजूनं काही विचारलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "हा आपल्या यमासारखा नाही. रेडा नाही, फास नाही. आणि बघ ना, नाचतोय." मला हसू आलं. मग आम्ही पुलावरूनच वाकून खाली बघत बसलो.

खाली काय, तर लाकडी दांड्यांची एक रांग नदीत उभी, शेजारी शेजारी, कुंपणासारखी. हा सुयांचा बंधारा. एकोणिसाव्या शतकातला, आणि अजून चालू. तळ्याचं पाणी वाढलं की दांडे काढायचे, उतरलं की घालायचे, एकेक करून हातानं. एवढ्या मोठ्या तळ्याची पातळी अशा लाकडांवर राखली जाते हे मला खरंच वाटेना. जोडीला नवी दारं केलीत, पण दांडे मोडीत काढले नाहीत. आम्ही होतो तेव्हा कुणी काढत-घालत नव्हतं. मंजूला ते बघायला मिळालं नाही याची रुखरुख अजून आहे. दोन दिवस ती सकाळी जाऊन उभी राहत होती.

सिंहापाशी मात्र गर्दीतच जावं लागलं. जुन्या दगडखाणीच्या कड्यात कोरलेला दहा मीटर लांबीचा मरणोन्मुख सिंह, कुशीत मोडलेला भाला. आराखडा डेन्मार्कच्या थोरवाल्डसनचा, कोरला लुकास आहोर्ननं, १८२१ साली पुरा झाला. १० ऑगस्ट १७९२ला पॅरिसच्या राजवाड्याचं रक्षण करताना सहाशेहून अधिक स्विस शिपाई मारले गेले, त्यांची ही आठवण. मागच्या वेळी गाईड म्हणाला होता, "शूर स्विस सैनिक", आणि आम्ही फोटो काढला. या खेपेला प्रश्न पडला की फ्रान्सच्या राजासाठी हे का मेले? तर पोटासाठी. डोंगराळ, गरीब मुलूख, शेत पुरायचं नाही, मग पोरं परक्या राजांच्या पलटणीत भाड्यानं जायची. आज जिथे एका कॉफीला चारशे-पाचशे रुपये मोजताना आपला जीव जातो, तिथली ही गोष्ट आहे. माझे आजोबा रत्नागिरीहून गिरणीत आले ते काही वेगळ्या कारणानं नव्हे.

तिथेच मागून मराठी कानावर आलं. चाळीस माणसं, गळ्यात सारखी पट्टी, आणि उंच धरलेली छत्री. या खेपेला ती केशरी होती. त्यातल्या एक काकू थेट मंजूकडे आल्या.

"तुमचा ग्रुप कुठला हो?"

"आमचा आम्हीच."

"म्हणजे दोघीच? बाई बाई! लुसर्नला किती वेळ दिलाय?"

"आठ दिवस."

काकूंनी सिंहाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "पण इथे आठ दिवस बघायला आहे काय?" लेकाचाच प्रश्न. मी काही बोलणार तोवर मंजू म्हणाली, "वारकरी," आणि काकूंना ते कळायच्या आत छत्री हलली. चाळीसजण भराभर निघाले. जाता जाता काकूंनी पर्समधून काढून आमच्या हातावर दोन चकल्या ठेवल्या. त्या लाटेच्या उन्हात, पायऱ्यांवर बसून खाल्लेली ती चकली ही त्या सहलीतली सगळ्यात चवदार गोष्ट होती, हे कबूल करायला हवं.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी खोलीवर थालीपीठ, दुपारी जवळचं काहीतरी, संध्याकाळी बाहेर, असा बेत होता. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी नदीकाठी कमानींखाली बाजार भरतो. चेरी, जर्दाळू, चीज, पाव. चेरी घ्याव्यात, चीजची चव देतात ती घ्यावी आणि भाव रुपयांत करू नयेत. गावाचा मानाचा पदार्थ म्हणजे ख्युगेलीपास्टेटे, तो मांसाचा. शाकाहारी माणसानं नुसता बघायचा. त्याऐवजी आल्पलरमाग्रोनन मागवावं, त्यातही आधी डुकराचं मांस नको म्हणून सांगून. मॅकरोनी, बटाटा, साय, चीज, वर तळलेला कांदा, आणि सोबत सफरचंदाचा गोड गर. मला तो गोड-खारट संसार जमला नाही, मंजूनं दोनदा खाल्ला.

रविवारी एकादशी. त्या देशात रविवारी दुकानं बंद, उघडी असतात ती स्टेशनातली. आदल्या रात्रीपासून पाऊस लागून हवा गार झाली होती. आषाढ तिथेही आला असं मंजू म्हणाली. राजगिऱ्याचे लाडू संपत आलेले, कारण ते मी खाल्ले होते. छत्री घेऊन आम्ही जुन्या गावात फिरत होतो तेव्हा एका खानावळीच्या पाटीवर मला रोश्टी दिसली. उकडलेला बटाटा किसून, लोण्यावर, तव्यात दाबून खरपूस केलेला. मी मंजूला म्हटलं, "हा तर बटाट्याचा कीस!"

वाढणाऱ्या पोराला समजावणं हा एक स्वतंत्र अध्याय झाला. कांदा नको. बेकन नको. अंडं नको. चीज? मंजू विचारात पडली, मग चीज दुधाचंच असं ठरलं, मग वासानं नको ठरलं. मीठ चालेल का, असं त्यानं गंभीरपणे विचारलं. नेहमीचं मीठ चालत नाही हे सांगायचा मंजूला धीर झाला नाही. "आज काही धार्मिक आहे का?" त्यानं विचारलं. मंजू म्हणाली, आमच्याकडे आज लाखो माणसं तीन आठवडे चालून एका गावात पोचली आहेत. तो म्हणाला, "फुटबॉलसाठी?" त्याची चूक नव्हती. त्या महिन्यात महिलांची युरो स्पर्धा स्वित्झर्लंडमध्ये होती, काही सामने लुसर्नलाही होते, आणि गावभर रंगवलेल्या गालांच्या बाया-मुली गात हिंडत होत्या. "नाही, विठ्ठलासाठी," मंजू म्हणाली. त्यानं मान डोलावली आणि रोश्टी आणली. वर कोथिंबीर आणि लिंबू असतं तर घरचीच.

डोंगरांचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळेच लिहितात. पिलाटुसला आम्ही गेलो. १८८९ची दातेरी रुळांची गाडी, जगातली सगळ्यात चढाची, चढ ४८ टक्के. मी डोळे मिटून घेतले, मंजूनं मला रानशेळ्या दाखवल्या, मी पाहिल्या नाहीत. वर ढग. खाली आलो.

रिगीची गोष्ट निराळी, आणि त्यातही डोंगरापेक्षा तिथवर नेणारी बोट. या तळ्यात अजून पाच जुन्या वाफेच्या बोटी चालतात, बाजूला फिरती चाकं असलेल्या. आम्हाला मिळाली ती ऊरी, १९०१ची, तिथल्या चालत्या बोटींतली सगळ्यात जुनी. दुसऱ्या वर्गाचं तिकीट म्हणजे खालचा मजला, आणि ते भाग्यच, कारण बोटीच्या मध्यभागी मोठी चौकट उघडी ठेवलीय आणि खाली सगळं इंजिन डोळ्यांसमोर चालतं. पोलादी दांडे मांडीएवढे जाड, पितळ असं घासलेलं की त्यात तोंड दिसावं, गरम तेलाचा वास. यंत्रचालक हातात तेलाची चोचीची बुधली घेऊन फिरत होता, चालत्या दांड्यांच्या मधोमध हात घालून नेमक्या क्षणी थेंब सोडत होता. कोळसा आता नाही, तेलावर वाफ होते. बाहेर डोंगर, पाणी, शिडं असं चित्रासारखं चाललेलं आणि अर्धी बोट आत त्या चौकटीला टेकून उभी. एका आजोबांनी बोटानं चाकाकडे दाखवून काहीतरी जर्मनमध्ये सांगितलं. कळलं काही नाही, पण आम्ही दोघींनी "हो ना!" म्हटलं, मराठीतच. त्यांना ते पुरलं.

फित्स्नाउला उतरलं की धक्क्यासमोरच लाल गाडी उभी. १८७१ साली सुरू झालेली युरोपातली पहिली दातेरी रुळांची डोंगरगाडी. निक्लाउस रिगेनबाख या अभियंत्यानं केली. त्याआधी पैसेवाले लोक रिगीवर डोलीतून चढायचे. मला माथेरान आठवलं, आपल्या गाडीला दाते नाहीत, ती नागमोडी वळणं घेत चढते. ही सरळ छातीवर चढते. वर १,७९८ मीटरवर गेल्यावर तळ्याचा तो वेडावाकडा आकार एकदाचा दिसला. मंजूनं वहीत त्याचं चित्र काढलं आणि ज्या ज्या खाडीत वारकरी मोजले होते तिथे ठिपके दिले. उतरताना काल्टबाडहून पाळण्यानं वेग्गिसला आलो, तिथून बोटीनं परत.

शेवटच्या दोन दिवसांत आम्ही काही बघायचं ठरवलंच नाही. खोलीवरून निघायचं, बस जिथे नेईल तिथे उतरायचं. तशा भटकण्यात म्युझेकच्या तटावर पोचलो. गावामागच्या टेकडीवर जुनी तटबंदी आहे, तिला नऊ बुरूज, काहींत चढता येतं. एका बुरुजावर १५३५ सालचं घड्याळ आहे. आकडे प्रचंड मोठे, का तर तळ्यातल्या कोळ्यांना लांबून दिसावेत. गावातलं सगळ्यात जुनं घड्याळ म्हणून त्याला एक मान आहे: तास वाजवायचा तो त्यानं आधी, बाकीच्या सगळ्यांनी एक मिनिट थांबून. आम्ही आत शिरलो तेव्हा अकराला आले होते. लाकडी जिन्यावर असतानाच डोक्यावर घण पडावेत तसे टोले पडले. मग शांतता. मग खालून गावातल्या देवळांच्या घंटा, एकापाठोपाठ एक.

"आमच्या शाळेत असं घड्याळ असतं तर," मंजू म्हणाली, "पोरांनी एक मिनिट आधी दप्तरं भरली असती."

बुधवारी, ९ तारखेला निघायचं होतं. बॅगा स्टेशनच्या कप्प्यात टाकल्या. गाडीला पाऊण तास होता म्हणून धक्क्यावर येऊन बसलो. पाऊस थांबला होता, पिलाटुसच्या कमरेला ढगाची पट्टी. बोटीच्या धक्क्याच्या लाकडी खांबांमध्ये एका वारकऱ्यानं घरटं केलं होतं. काड्या, वेताचे तुकडे आणि कुठल्याशा आइस्क्रीमचं निळं वेष्टन. एक पिल्लू वर चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. आई, किंवा बाप, यांच्यातलं मंजूलाही सांगता आलं नाही, शेजारी नुसतं तरंगत होतं. मदत करत नव्हतं.

मी दोनदा म्हटलं, चल आता. नऊला उठू असं ठरलं. पिल्लू चौथ्यांदा घसरलं तेव्हा टेकडीवरून टोले पडायला लागले. मी पर्स खांद्याला लावून उभी राहिले.

मंजू दुर्बीण डोळ्यांवरून न काढता म्हणाली, "हे वरचं घड्याळ आहे गं. अजून एक मिनिट आहे."